धवल्यातली मोकळी जागा

माझी वेबसाइट पहिल्यांदा उघडली तेव्हा ती पिवळीधमक होती. हळदीच्या गाण्यांची साइट म्हणजे तिला हळदीचाच रंग पाहिजे, असा माझा हट्ट. वर लाल अक्षरांत ‘आपले सहर्ष स्वागत असो’ अशी पट्टी पळायची; उजवीकडून निघायची, डावीकडे गडप व्हायची, पुन्हा निघायची. दोन कोपऱ्यांत दोन समया, त्यांच्या ज्योती हलायच्या. तळाशी ‘आपण अमुकावे पाहुणे आहात’ असा आकडा असायचा, आणि त्यातले निम्मे पाहुणे मीच होतो. आज कोणी ती साइट बघितली तर हसून लोळेल. लोळू दे. नंतर कितीही रूपं बदलली तरी मला अजून तीच आवडते.

मी अनंता. गाव शेणवा, नोकरी वाशिंदच्या एका कारखान्यात फिटरची, राहायलाही वाशिंदलाच. दोन हजार तीन साली बोनस मिळाला तेव्हा सोबतच्यांनी फ्रीज घेतले आणि मी कॉम्प्युटर. माझी बायको रुपा त्यावर बरेच दिवस काही बोललीच नाही. मग एकदाच बोलली, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." ती म्हण ती अजून वापरते. सुट्टीच्या दिवशी मी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसलो की आतून आवाज येतोच, "लागल्या तुंबड्या."

साइट धवल्यांची होती. धवला म्हणजे आमच्याकडचं लग्नातलं गाणं. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचा तिचा धवला असतो आणि तो म्हणणारी ती धवलारीण. ती पुढे म्हणते, बाकीच्या बायका तिच्या मागे तीच ओळ ओढतात. भटजी मागाहून आला तरी चालेल, पण धवलारीण आल्याशिवाय हळद जात्यात पडायची नाही. शेणव्याची धवलारीण माझी सख्खी आत्या, काशीआत्या. तिचा आवाज जाडाभरडा होता, पण वेशीवर ऐकू जायचा. मला वाटलं, हा आवाज पुढे राहिला पाहिजे. म्हणून एका दुपारी टेपरेकॉर्डर घेऊन गावी गेलो.

आत्या ओटीवर तांदूळ पाखडत होती. शेजारी झोळीत आमची रोशनी झोपली होती, सहा-सात महिन्यांची. रुपा मागच्या दारी भांडी घासत होती.

"आत्या, हळदीचा धवला म्हण ना."

सूप थांबलं. "कोणाची हळद हाय?"

"कोणाची नाय गो. भरून ठेवायचाय."

"येडा झालास का रे? लगीन नाय तर धवला कसा म्हणू? चुलीवर काय नाय न् नुसती पळी फिरवू?"

तिचं म्हणणं सरळ होतं. धवल्यात नवरीचं नाव येतं, नवऱ्याचं येतं. धवलारणीच्या तोंडून नाव गेलं की ते लग्न लागल्यातच जमा. मग उगाच कोणाचंही नाव घेऊन कसं चालेल? मी पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी तिने सूप बाजूला ठेवलं.

"म्हणते. पण नाव नाय घेणार. नावाची जागा मोकळी सोडीन."

आणि तिने खरोखर तसंच म्हटलं. ‘पयली हळद गो, कोणाचे नावाची?’ आणि मग तोंड मिटलं. ‘अमकीचे’ म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ नुसती मान डोलावली, आणि पुढे उचललं, ‘नावाची गो नावाची.’ टेपवर त्या मोकळ्या जागेत परड्यातल्या कोंबड्या आल्या, लांबची भाताची गिरण आली, आत्याच्या बांगड्या आल्या. ‘दुसरी हळद’च्या मोकळ्या जागेत झोळीतली रोशनी उठली आणि तिने भोकाड पसरलं. मी टेप बंद करायला हात पुढे केला, तर आत्याने डोळे वटारले. सुरू झालेला धवला मध्येच तोडायचा नसतो. अर्धा धवला म्हणजे अर्धं लग्न.

गाणं संपल्यावर तिने पोरीला मांडीवर घेतलं. "रडतेस काय गो? तुझीच जागा हाय ती. तुझ्या लग्नात मी भरीन." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तवर ती कोणाला भरू देऊ नको, अनंता. न् बुजवू पण नको."

हे मी कोणालाच सांगितलं नाही, रुपालासुद्धा नाही. नवस बोलून दाखवला की त्याचं पाणी होतं, असं मला वाटायचं.

साइट झाल्यावर आत्याला वाशिंदला आणून दाखवली. स्वतःचा आवाज ऐकून ती लाजली. मग विचारलं, "म्हंजे माझा आवाज आता या डब्यात हाय?"

"नाय, अमेरिकेत. तिकडच्या मोठ्या मशीनवर असतो, तिथून हितं येतो."

"अगो बाई! मी हितं न् आवाज अमेरिकेत? तिकडं कोणाची लग्नं लावत फिरतो तो?" असं म्हणून ती पोट धरधरून हसली. गावी गेल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं की अनंताने मला अमेरिकेला पाठवलंय.

पिवळी साइट पाच-सहा वर्षं चालली. तिच्यावर मराठी दिसायला आधी एक फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. नाही घेतला तर अक्षरांच्या जागी नुसते डबे दिसायचे. मग कुठेही दिसेल असं मराठी आलं आणि मी सगळं पहिल्यापासून टाइप केलं, एकेक धवला, दोन बोटांनी. तेव्हा साइट हिरवी केली. समया गेल्या, पट्टी गेली. पुढे स्टेशनजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या विपुलने ती काळी केली. काळ्यावर फोटो उठून दिसतात म्हणे. त्याने वर ‘अबाउट अस’ असं लिहिलं. मी म्हटलं, अस कोण? मी तर एकटाच आहे! तर म्हणाला, काका, असंच लिहितात. त्याच फेऱ्यात पाहुण्यांचा आकडा गेला आणि अभिप्रायाची वहीही गेली, जिच्यात लोक येऊन दोन ओळी लिहून जायचे. आकड्याचं मला लागलंच, पण वहीचं जास्त लागलं. डोळखांबचा कमळू नावाचा एक माणूस दुबईला होता, तो त्या वहीत लिहायचा, ‘तुमचा धवला मधे मधे बंद पडतो, टेप खराब असेल, तरी रोज ऐकतो.’ मला त्याला सांगायचं होतं की बाबा, टेप चांगली आहे. ते राहून गेलं. आता तो कुठे असेल कोण जाणे.

घर बदलताना सामान हलतं तसं दरवेळी काहीतरी मागे राहायचं. आणि दरवेळी प्रत्येक हुशार माणूस एकच सल्ला द्यायचा, मधली शांतता कापून टाका. विपुल तर हात धुऊन मागे लागला होता. मी म्हटलं, रंग काळा कर नाहीतर निळा कर, पण त्या जागेला हात लावलास तर तंगडी तोडीन. तेव्हापासून तो मला जरा घाबरूनच असतो.

कोरोनाच्या आदल्या वर्षी आत्या गेली. गेली ती जागा मोकळीच ठेवून. रोशनी तेव्हा कॉलेजात जायला लागली होती, तिच्या लग्नाचा विषयही नव्हता. दहाव्याला नदीवर बसलो होतो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की आता ती जागा कोण भरणार? त्यानंतर शेणव्यात लग्नं झाली ती डीजेवर. हळदीला छातीत धडधड होईल एवढा आवाज, आणि जातं कोपऱ्यात पालथं. माझ्या साइटवर मात्र आत्या रोज गायची, कोणी ऐको न ऐको.

या वर्षी रोशनीचं जमलं. मुलगा मुरबाडचा, रितेश. पोरगा चांगला आहे, जरा कमी बोलतो, पण आमच्या घरात तसा एक पाहिजेच होता. रोशनी ऐरोलीला कंपनीत कामाला आहे, वेबसाइटी बनवण्याच्याच. लहानपणी ती माझ्या साइटला कार्टून म्हणायची. आता म्हणाली, "पप्पा, लग्नाआधी तुमची साइट मी नवीन करून देते. माझ्याकडून गिफ्ट." मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, कारखान्यात दोन-चार जणांना सांगूनही आलो.

एका रविवारी सकाळी तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. साइट सुरेख झाली होती. सायीचा रंग, मोठी अक्षरं, आणि वरच्या बाजूला हळदीची एक बारीक पिवळी रेघ. ती रेघ बघून मला बरं वाटलं.

"आणि हे ऐका," ती म्हणाली. "सगळे आवाज क्लीन केलेत."

तिने बटण दाबलं. आत्या समोर बसून म्हणतेय असा स्वच्छ आवाज आला. कोंबड्या नाहीत, गिरण नाही. ‘पयली हळद गो, कोणाचे नावाची, नावाची गो नावाची.’ सलग. कुठे श्वासभरही थांबणं नाही.

"मधलं काय झालं?" मी विचारलं.

"ते गॅप काढले. टेप खराब होती ना तिथं. एका ठिकाणी तर कोणाचं तरी पोर केवढं रडतंय! ते पण उडवलं."

"ते पोर तू आहेस," मी म्हणालो, आणि माझा आवाज एवढा चढला की रुपा लाटणं घेऊन बाहेर आली. "तुला कोणी सांगितलं होतं गो हात लावायला? एवढी वर्षं सांभाळलं मी ते! विपुलला हात लावू दिला नाय, कोणालाच दिला नाय, न् तूच..."

मग बसून सगळं सांगितलं. ओटी, झोळी, आत्याने तिला मांडीवर घेऊन दिलेला शब्द. रोशनी ऐकता ऐकता रडायलाच लागली. रुपा म्हणाली, "एवढी वर्षं पोटात ठेवलात? मला सांगितलं असतं तर काय मी पेपरात दिलं असतं?" तिचं बरोबर होतं.

"म्हणजे मी मलाच कट केलं," रोशनी नाक ओढत म्हणाली. मग एकदम हसली. "पप्पा, जुनं सगळं तसंच ठेवलंय मी. जुनं कोण पुसतं? मी काय वेडी आहे?"

तिने कानाला हेडफोन लावला आणि स्वतःचं रडणं परत परत ऐकत बसली. मग म्हणाली, "माझी हळद याच धवल्यावर होणार. नाव कोण घालणार ते तुम्ही बघा."

बघायचं म्हणजे कोणाकडे? एकच नाव होतं, रंभाकाकी. आत्या पुढे म्हणायची तेव्हा तिच्या मागे पहिला आवाज रंभाकाकीचा असायचा, जन्मभर. आम्ही दोघं शेणव्याला तिच्याकडे गेलो. तिने चहा केला, रोशनीच्या तोंडावरून हात फिरवला, सगळं ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हणाली.

"मेलेल्या माणसाचा आवाज मांडवात लावतात का रे? अपशकुन तो. न् मशीन कधी लगीन लावतं का?"

"मग काकी, तुमीच पुढं होऊन म्हणा," रोशनी म्हणाली.

"मी पुढं कधी झालेच नाय गो. मी मागं ओढणारी. काशी गेली, आता मी कोणाच्या मागं ओढू?" हे बोलताना तिने पदर डोळ्याला लावला. त्यापुढे आग्रह करायची माझी छाती झाली नाही.

हळदीच्या दुपारी शेणव्याच्या घरापुढे मांडव होता. खांबांना आंब्याचे टहाळे, मध्ये उंबराची फांदी, आणि खाली धुऊन-पुसून ठेवलेलं जातं. भोवती बायका बसल्या होत्या. रंभाकाकी आली, पण लांब खुर्चीवर जात्याकडे पाठ करून बसली. "डीजे लावा नायतर मशीन लावा, मी आपली जेवून जाईन," हे तिने मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने शेजारणीला सांगितलं.

रोशनीने जात्याशेजारी स्पीकर ठेवला आणि मोबाइलवर साइट उघडली. ती उघडेना. शेणव्यात रेंज घ्यायची तर चिंचेखाली जावं लागतं. तेव्हा हळदीची नवरी मोबाइल डोक्यावर धरून चिंचेखाली गेली, धवला उतरवून घेतला आणि परत येऊन पाटावर बसली. बायका खो खो हसत होत्या.

मग आत्या सुरू झाली.

‘पयली हळद गो, कोणाचे नावाची?’

हसणं थांबलं. स्पीकरमधून जुन्या कोंबड्या ओरडल्या तशा मांडवातल्या कोंबड्यांनी माना वर केल्या. जात्याच्या खुंट्याला हात लावलेल्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणालाच काही कळेना. माझ्या अगदी ओठांवर नाव आलं, पण धवला पुरुषाने म्हणायचा नसतो. ती जागा तशीच रिकामी गेली. ‘नावाची गो नावाची.’ मला वाटलं, संपलं सगळं. एवढी वर्षं राखली ती यासाठी?

‘दुसरी हळद गो, कोणाचे नावाची?’

आणि मांडवभर तान्ह्या रोशनीचं रडणं घुमलं.

रंभाकाकी खुर्चीवरून ताडकन उठली. "अगो, पोर टाहो फोडतेय न् नाव कोणीच घेत नाय? अर्धा धवला सोडता काय मेल्यांनो?" आणि तिथूनच उभ्याने तिने सूर लावला, ‘रोशनीचे...’

‘...नावाची गो नावाची,’ स्पीकरमधून आत्या म्हणाली.

काकी चालत जात्यापाशी आली. पोरींना ढकलून तिने मांडी घातली, खुंटा धरला. आत्या पुढे म्हणत होती आणि काकी मागे ओढत होती, जशी पूर्वी ओढायची तशीच, आणि नावाच्या जागी मात्र ती पुढे व्हायची. नवऱ्याची जागा आली तेव्हा ती रोशनीकडे वळून म्हणाली, "नाव काय गो त्याचं?" रोशनीने लाजून सांगितलं तोवर जागा निघून गेली, पण पुढच्या फेऱ्याला तिने रितेशचं नाव असं दणकून घातलं की मुरबाडला ऐकू गेलं असेल. एकेक करून बाकीच्या बायकांचेही आवाज तिच्यामागे लागले. मी मांडवामागे जाऊन लहान पोरासारखा रडलो. लपवायचं काय त्यात?

धवला संपल्यावर काकीने पिवळा हात पदराला पुसला आणि स्पीकरवर ठेवला. "लय वर्सांनी पुढं झालीस गो, काशे."

लग्न झालं. रोशनी मुरबाडला गेली. पाठवणी करून आम्ही वाशिंदला परतलो, तर घर एवढंसं होतं ते उगाच मोठं वाटायला लागलं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "पप्पा, साइट चालू केलीय. मांडवात मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग रितेशने नीट करून दिलं, ते टाकलंय. पण जुनं पण तसंच आहे, मोकळ्या जागांसकट. बघा."

मी खुर्ची ओढली. आज आतून तुंबड्यांचा आवाज आला नाही. साइट उघडली. आत्याच्या जुन्या धवल्याखाली रोशनीने एक ओळ लिहिली होती, ‘टेप खराब नाही. या जागी तुमच्या मुलीचं नाव घ्या.’ ती ओळ त्या दुबईच्या कमळूपर्यंत जावी, असं मला फार वाटलं. तळाशी तिने तो आकडाही परत आणला होता. ‘आपण पहिले पाहुणे आहात.’

मी बटण दाबलं. कोंबड्या आल्या, गिरण आली. ‘पयली हळद गो, कोणाचे नावाची?’ आत्याने विचारलं आणि ती थांबली. आता घरात आम्ही दोघंच, म्हणून मीच नाव घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रुपाचा आवाज आला, "रोशनी..."

पुढे तिला म्हणवेना. पुढचं आत्याने म्हटलं.